बशीतला मृत्यू, तोंडातला कॅन्सर

कॅन्सरवरच्या रामबाण औषधांच्या जाहिरातींची भाषा गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. पूर्वी भिंतीवर ‘शर्तिया इलाज’ लिहिलेलं असायचं, शेजारी कुठल्या तरी वैद्याचं नाव आणि भेटण्याचा वार. आता मोबाइलवर येणारा मजकूर जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकातून उतरवल्यासारखा असतो. हळदीतलं कर्क्युमिन कॅन्सरच्या पेशींना ‘आत्महत्या करायला लावतं’, लक्ष्मणफळाचा अर्क ‘केमोपेक्षा १०,००० पट’ ताकदीने त्या पेशी मारतो, अमुक रसाने ‘ॲपॉप्टोसिस’ सुरू होतो आणि निरोगी पेशींना धक्काही लागत नाही. खाली एखाद्या परदेशी नियतकालिकाचं नाव. हा मजकूर निव्वळ थाप म्हणून उडवून लावता येत नाही, आणि अडचण तिथेच आहे. नियोजित पेशीमृत्यू ही खरी गोष्ट आहे. त्याची यंत्रणा बिघडणं हा तोंडाच्या कॅन्सरच्या जडणघडणीतला मोठा भाग आहे, हेही खरं. आणि हळदीतल्या त्या द्रव्याने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मरतात, हेही खरं. ही तिन्ही विधानं मान्य करूनही त्यांच्यातून काढला जाणारा निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात तो जिवावर बेतणारा आहे, असं माझं म्हणणं आहे.

वाशिमचं नाव मुद्दाम घेतो आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा, पुढे केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला. कारंजा असो, मानोरा असो की रिसोड, इथल्या पानठेल्यावर सिगारेटपेक्षा जास्त खपतो तो खर्रा. सुपारीचा चुरा, जर्दा आणि चुना पन्नीत घेऊन तो लाकडी फळीवर इतका घोटतात की सुपारी मऊ पडते, तिच्यात तंबाखू मुरते आणि पुडी हातात येते तेव्हा ती कोमट लागते. ही चिमूट चावून थुंकायची नसते. ती गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत धरायची असते, तासन्‌तास. आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरची सर्वांत आवडती जागाही नेमकी तीच खाच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, म्हणजे जवळपास दर चौथा माणूस. आणि तेही राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असताना. जागतिक कर्करोग नोंदीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू होतात. ज्या भागात हा आजार आहे, ज्या भागातून मोठं रुग्णालय दूर आहे, तिथेच ‘पेशींची आत्महत्या’ विकायला सर्वांत मोठं गिऱ्हाईक मिळतं.

आधी त्या खऱ्या गोष्टीबद्दल. पेशी नुसती चेचली, भाजली तर ती फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि भोवताली सूज येते. पण शरीर स्वतःच्या कोट्यवधी पेशी रोज मारतं ते असं नाही. पेशी आक्रसते, तिचा केंद्रक तुकड्यातुकड्यांत मोडतो, पातळ आवरणातल्या पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, गाजावाजा नाही. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी या प्रक्रियेला ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं. हा मृत्यू आधीच ठरलेला असतो याचा लख्ख पुरावा मिळाला एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत. त्याच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ दर वेळी मरतात, त्याच जागी, त्याच क्रमाने. त्या कामाला २००२ चं नोबेल मिळालं. गालाच्या आतल्या अस्तरात हा हिशेब फार कडक असतो. तिथली पेशी तळाशी जन्मते, वर सरकते आणि थोड्याच दिवसांत गळून पडते. मधल्या काळात तिच्या डीएनएला इजा झाली तर पी-५३ नावाचं प्रथिन तिचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती जमते का ते पाहतं आणि जमत नसेल तर मृत्यूचा आदेश काढतं. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स वर्षानुवर्षं हीच इजा करत असतात. सुपारी वेगळ्या वाटेने जाते: ती अस्तराखालचा थर घट्ट आणि तंतुमय करते, तोंड उघडेनासं होतं. मोठ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी शिरली पाहिजेत. दोनच शिरत असतील तर दवाखान्यात जायला ते कारण पुरेसं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही २००४ मध्ये पहिल्या श्रेणीच्या कर्ककारकांत टाकलं, हे ‘आम्ही तर फक्त सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

तोंडाचा कॅन्सर झाला म्हणजे मरायला हव्या होत्या त्या पेशी मेल्या नाहीत, इथवर जाहिरातदार आणि मी बरोबर आहोत. पुढे त्यांचा तर्क असा: पेशी मरायची विसरली आहे ना, मग तिला आठवण करून देणारं काही तरी द्या. इथे त्यांची गाडी रुळावरून घसरते, कारण पेशी काही विसरलेली नसते. तिच्यातला आदेशाचा मार्गच तोडला गेलेला असतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या जनुक-नकाशा प्रकल्पाने डोकं-मानेच्या २७९ गाठी तपासल्या. ज्यांच्यात एचपीव्ही विषाणू नव्हता, त्यांतल्या ८४ टक्के गाठींत पी-५३ चं जनुक बिघडलेलं होतं. आपल्याकडे टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघरच्या संस्थेने आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्थेने मिळून २०१३ मध्ये खास गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. म्हणजे खर्रा धरतात त्याच जागेचा. त्यात पी-५३ सोबत वारंवार बिघडलेलं सापडलं ते कॅस्पेज-८ चं जनुक. कॅस्पेज ही पेशीला आतून कापत जाणारी विकरं. त्यातलं आठव्या क्रमांकाचं बाहेरून आलेला मृत्यूचा निरोप आत पोचवतं. म्हणजे आतला मार्ग एका जागी तुटलेला आणि बाहेरचा दुसऱ्या जागी. शिवाय काही गाठींत मृत्यू रोखणारी प्रथिनं गरजेपेक्षा जास्त बनत असतात. विहिरीवरच्या मोटरची वायर तुटली असेल तर स्टार्टर कितीही जोरात दाबला तरी पाणी येत नाही. पेशीमृत्यूची कळ दाबणारं द्रव्य सापडलं, म्हणून कॅन्सरचं औषध सापडलं असं होत नाही ते यामुळे. गाठ तयार झाली आहे याचाच अर्थ ती कळ निकामी करणाऱ्या पेशी शर्यतीत टिकल्या आणि बाकीच्या मेल्या.

मग प्रयोगशाळेतल्या पेशी मरतात कशा? हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. प्लास्टिकची, हातभर नव्हे, तळहाताएवढी बशी, तिच्यात ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात पोषक द्रावात पसरलेल्या काही हजार पेशी. त्यांच्यावर अर्क ओततात, २४ किंवा ४८ तास थांबतात आणि मग एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. जांभळा रंग फिका पडला की पेशी मेल्या असं धरतात. खरं तर त्या मेल्या असतील किंवा नुसत्या मंदावल्या असतील. हा प्रयोग त्यांची चयापचयाची लगबग मोजतो. कर्क्युमिन तर स्वतःच पिवळं, अशा अनेक चाचण्यांत लुडबूड करणारं आणि शरीरात झपाट्याने विघटन होणारं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका आघाडीच्या नियतकालिकात कर्क्युमिनचा सविस्तर पंचनामा झाला: माणसांवर १२० हून अधिक चाचण्या होऊनही काटेकोर, दुहेरी अंध पद्धतीची एकही यशस्वी चाचणी लेखकांना सापडली नाही. आता मात्रेचं गणित करू. बशीत पेशी मारायला सर्रास १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त कर्क्युमिन लागतं, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण ३,७०० नॅनोग्रॅम. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिलं, तेव्हा रक्तात सापडलं ते काही दहा नॅनोग्रॅम; म्हणजे तूट शंभर पटीच्या घरातली. बरं, हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद फाकावी लागेल. शेजारच्या हिंगोलीतल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा रंग आणि वास उत्तमच. पण पाव किलो ती पाव किलोच.

या तर्काची खरी परीक्षा हळदीने होत नाही, सुपारीने होते. सुपारीतलं अरेकोलिन आणि सुपारीचा अर्क हेही बशीतल्या तोंडाच्या पेशी मारतात. पुरेशा मात्रेत ॲपॉप्टोसिस आणि इतर तऱ्हांचा पेशीमृत्यू घडवतात, असं दाखवणारे अभ्यास आहेत. ‘बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात, म्हणून हे कॅन्सरचं औषध’ हा नियम मान्य केला तर खर्रा हेच तोंडाच्या कॅन्सरवरचं औषध ठरतं. या जिल्ह्यातल्या कुणालाही हे पटणार नाही, आणि पटू नये. मग तोच नियम हळदीला, लक्ष्मणफळाला किंवा सीताफळाच्या पानाला लावताना आपण मान का डोलावतो? लक्ष्मणफळाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. त्यातली ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं पेशीच्या ऊर्जाकेंद्राची पहिलीच पायरी अडवतात. पेशी मरतात त्या त्यामुळे. ही पायरी मेंदूच्या पेशींनाही लागते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर कंपवातासारख्या एका विचित्र आजाराचं प्रमाण जास्त का, याचा शोध घेताना १९९९ मध्ये संशोधकांची बोटं या फळाकडे आणि त्याच्या पानांच्या काढ्याकडे वळली होती. ‘निरोगी पेशींना धक्का नाही’ हे वाक्य त्या बशीपुरतं असेल तर असो.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: म्हणजे तुम्हाला झाडपाला चालत नाही, आणि कंपन्यांच्या गोळ्या तेवढ्या चालतात. उलट आहे. सदाफुली वाशिमच्या कितीतरी अंगणांत फुलते. तिच्यापासून मिळालेलं व्हिनक्रिस्टिन १९६३ पासून रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरलं जातं. मोठ्या माणसाला एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही शिरेतून, कारण त्यापुढे नसा बधिर होतात. पानं चावून ही मात्रा जमवता येत नाही आणि जमली तर कळत नाही. तोंडाच्या कॅन्सरचंच उदाहरण हवं असेल तर डोसिटॅक्सेल घ्या. हे औषध यू नावाच्या झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून बनतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ते अशा ३५६ डोकं-मानेच्या रुग्णांत तपासलं, ज्यांना सिस्प्लॅटिन हे नेहमीचं केमो-औषध झेपणार नव्हतं. अर्ध्यांना नुसते किरण, अर्ध्यांना किरणांबरोबर आठवड्याला डोसिटॅक्सेल. दोन वर्षांनी आजाराविना जगणाऱ्यांचं प्रमाण ३०.३ वरून ४२ टक्क्यांवर गेलं. झाडापासून आलेल्या औषधाचा पुरावा असा असतो. त्यात झाडाचा गौरव नसतो आणि पेशी कशी मेली याचं रसभरित वर्णनही नसतं. किती माणसं होती, कुणाला काय दिलं, दोन वर्षांनी कितीजण हयात होते, एवढंच असतं. ‘केमोसुद्धा पेशीच मारते ना’ या युक्तिवादालाही याच ठिकाणी उत्तर मिळतं. मारते. पण सिस्प्लॅटिन तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत द्यावं की दर आठवड्याला थोडं, या एवढ्याशा फरकासाठी टाटाने ३०० रुग्णांची चाचणी केली आणि दोन वर्षांच्या आजार-नियंत्रणात ७३.१ विरुद्ध ५८.५ टक्के एवढी तफावत निघाली. एकच औषध, एकच आजार, फक्त मात्रा आणि वेळापत्रक वेगळं. आणि आपण चमचाभर चूर्णाचा हिशेब ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढ्यावर सोडतो.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. हळदीचं रक्तातलं प्रमाण कमी असेल, पण तोंडाच्या आजारात ती थेट जागेवर लागते. शिवाय कॅन्सर होण्याआधीच्या पांढऱ्या चट्ट्यांवर तिचा उपयोग झाल्याची चाचणी भारतातच झाली आहे. झाली आहे, आणि ती चांगली चाचणी आहे. तोंडात पांढरे चट्टे असलेल्या २२३ रुग्णांना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन किंवा दिसायला तशीच निष्क्रिय कॅप्सूल दिली गेली. २०१६ मध्ये निकाल आले. कर्क्युमिन घेणाऱ्या ६७.५ टक्के जणांचे चट्टे सुधारले. पण निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांचेही ५५.३ टक्के सुधारले. म्हणजे सुधारणेचा सिंहाचा वाटा हळदीशिवायच होता. चट्टे आपोआप कमी-जास्त होतात, देखरेखीखालचा माणूस तंबाखू कमी करतो, अशी त्याची कारणं असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची घडण सुधारली का, या कसोटीवर दोन गटांतला फरक संख्याशास्त्रात टिकला नाही. तरीही हा पुरावा मी मोडीत काढत नाही. पुढे संशोधन व्हावं इतका तो नक्कीच आहे. फक्त तो चट्ट्यांचा पुरावा आहे, डॉक्टरच्या नजरेखालच्या माणसांचा आहे आणि पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. गालातल्या जखमेवर, मानेतल्या गाठीवर तो लावणं म्हणजे त्या संशोधकांच्या तोंडी त्यांनी न काढलेला शब्द घालणं.

आता मी माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण पेशीमृत्यूची भुरळ एकट्या चूर्णवाल्यांना पडलेली नाही. चीनने ऑक्टोबर २००३ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी पी-५३ चं धडधाकट जनुक विषाणूतून गाठीत सोडणाऱ्या उपचाराला मंजुरी दिली. जगातलं पहिलं मंजूर जनुकीय औषध म्हणून त्याचा डंका पिटला गेला. तशाच धर्तीचं दुसरं औषध अमेरिकेत अर्जाच्या टप्प्यावरच अडलं. त्याहून बोलकी कहाणी झेविनापँट या औषधाची. मृत्यू रोखणाऱ्या प्रथिनांना बाजूला सारून कॅस्पेज मोकळी करायची, असा त्याचा नेमका बेत. कागदावर याहून देखणी कल्पना सापडायची नाही. ९६ रुग्णांच्या चाचणीत दीड वर्षानंतर आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण ५४ विरुद्ध ३३ टक्के निघालं. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाल्याचं दिसलं. लोक भारावले. मग सातशेहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि जून २०२४ मध्ये कंपनीने ती थांबवली, कारण फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. बशीत यशस्वी, प्राण्यांत यशस्वी, शंभरेक माणसांत यशस्वी, आणि तरीही अयशस्वी. ज्या औषधामागे अब्जावधींची गुंतवणूक आणि वीस-वीस वर्षांचं रेणूशास्त्र होतं, त्याची ही गत झाली असेल तर पहिल्याच पायरीवर थांबलेल्या काढ्याबद्दल ‘सिद्ध’ हा शब्द वापरायला जीभ धजावते कशी? कुणी म्हणेल, मग तुमचं विज्ञानही हरलंच की. हरलं, आणि हरल्याचं छापून सांगितलं. लक्ष्मणफळाच्या रसाची चाचणी फसल्याचं पत्रक मात्र विक्रेत्याने काढल्याचं ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे तोंडाच्या लवकर सापडलेल्या कॅन्सरवरचा सर्वांत भरवशाचा उपचार पेशी कशी मरते याची फिकीरच करत नाही. शल्यचिकित्सक गाठ भोवतालच्या निरोगी काठासकट काढून टाकतो. मरायला राजी असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या पेशी एकाच ट्रेमध्ये जातात. ‘चाकू लागला की पसरतो’ ही भीती गावोगाव आहे आणि काढ्याचा धंदा तिच्यावरच पोसला जातो. या भीतीला टाटाच्याच चाचणीने २०१५ मध्ये उत्तर दिलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत तोंडातल्या गाठीबरोबर मानेतल्या लसिकाग्रंथीही लगेच काढल्या, म्हणजे चाकू जास्त चालवला, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. मान नंतर गरज पडली तर पाहू म्हणून ठेवलेल्यांत ६७.५ टक्के. पेशीमृत्यूचं शास्त्रही चाकूच्या बाजूने आहे. आधारापासून सुटलेली अस्तराची पेशी एरवी जगत नाही, सुटण्यामुळेच मरते. पसरते ती अशी पेशी, जिने हा नियमही आधीच मोडलेला असतो. ती तसं करायला चाकूची वाट पाहत नाही. तिला हवा असतो वेळ.

वेळ हाच या सगळ्या वादातला कळीचा मुद्दा आहे, आणि किरणोपचारात, ज्याला कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट, तो सर्वांत उघडा पडतो. किरणांनी डीएनए तुटलेली पेशी बहुधा लगेच आत्महत्या वगैरे करत नाही. ती विभागायला जाते, जमत नाही आणि त्या खटाटोपात कोलमडते. म्हणून उपचार रोज थोडा-थोडा, ३३ ते ३५ वेळा, साडेसहा-सात आठवडे चालतो. पण चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या पेशी वाढीचा वेग वाढवतात, हे १९८८ मध्येच विदर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यानंतर वाया गेलेला प्रत्येक दिवस भरून काढायला किरणांची साधारण ०.६ ग्रे (किरणमात्रेचं एकक) जादा मात्रा लागते. डेन्मार्कमध्ये आठवड्याला पाचऐवजी सहा वेळा किरण देऊन उपचार आठवडाभर लवकर संपवला, तेव्हा पाच वर्षांचं आजार-नियंत्रण ६० वरून ७० टक्क्यांवर गेलं. साधनं तुटपुंजी असलेल्या देशांतल्या केंद्रांत तीच युक्ती ३० वरून ४२ टक्क्यांवर घेऊन गेली. नवं औषध नाही, जास्त किरण नाहीत, फक्त कॅलेंडर. आणि ‘आत्महत्या’ ही जाहिरातीत वाटते तेवढी निर्भेळ चांगलीही नाही. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की किरणांनी मरणाऱ्या पेशींतलं कॅस्पेज-३ असा एक संदेश सोडतं, ज्याने शेजारच्या उरलेल्या गाठपेशी उलट वाढीला लागतात. डोकं-मानेच्या ज्या रुग्णांच्या गाठीत हे विकर जास्त होतं, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण जास्त होतं. मरणाऱ्या पेशी मोजून फुशारक्या मारणाऱ्यांनी जिवंत उरलेल्यांचं काय झालं हेही सांगावं.

आता हे कॅलेंडर घेऊन वाशिमला या. इथला माणूस किरणांसाठी अकोला, नाहीतर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतो. सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. मजुरी बुडते, सोबत आलेल्याचीही बुडते, सोयाबीनच्या काढणीचे दिवस असतील तर घरचे ‘दोन दिवस राहू द्या’ म्हणतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो खरा, पण रोज त्यावरून नेणार कोण? म्हणूनच शेवटचा आणि सर्वांत माणुसकीचा आक्षेप येतो: गरिबाला हे झेपत नाही, काढ्याने बरं नाही झालं तरी नुकसान तर नाही. झेपत नाही, ही तक्रार रास्त आहे, आणि तिचा रोख यंत्रणेकडे हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. पुढची मागणी किरणोपचार केंद्राची आणि तोवर रुग्णासोबतच्या माणसाच्या राहण्या-खाण्याची असली पाहिजे. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. आजार हाताबाहेर गेलेल्यांसाठीही स्वस्त आणि तपासलेला पर्याय आहे: मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या गोळ्या कमी मात्रेत देऊन टाटाने सिस्प्लॅटिनशी तुलना केली, तेव्हा मध्यक आयुर्मान ६.१ महिन्यांऐवजी ७.५ महिने निघालं. हा आकडा लहान आहे, हे मी लपवत नाही. खऱ्या औषधांचे आकडे असेच लहान आणि प्रामाणिक असतात. आणि काढ्याने नुकसान नाही, हे म्हणणं खरं नाही. २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात डोकं-मानेच्या कॅन्सरचा किरणोपचार चार आठवडे लांबला की मृत्यूचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो, असं दिसलं. चूर्णाचा ‘कोर्स’ क्वचितच एका महिन्याचा असतो. तेवढ्या वेळात गालातली जखम जबड्याच्या हाडाला भिडू शकते. जिथे गालाचा तुकडा काढून भागलं असतं तिथे जबडा काढावा लागतो. काढ्याची किंमत बाटलीवर छापलेली नसते ती ही.

विक्रेत्यांचं यावर एक कायदेशीर उत्तर तयार असतं: आम्ही कुठे म्हणतो कॅन्सर बरा होतो, आम्ही फक्त पेशींवरचं संशोधन सांगतो. ‘शर्तिया इलाज’ जाऊन ‘ॲपॉप्टोसिस’ आला त्याचं एक कारण ही पळवाट असावी, असा माझा कयास आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याच्या अनुसूचीत कॅन्सरचं नाव आहे आणि त्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पण याच कायद्याचं कलम ४ औषधाच्या खऱ्या स्वरूपाबद्दल प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष खोटा समज करून देणाऱ्या जाहिरातीलाही मना करतं, आणि जाहिरात म्हणजे त्यात वेष्टन, लेबल, पत्रक, तोंडी घोषणा सगळं येतं. रसाच्या बाटलीवर गाठीचं चित्र आणि ‘पेशींची आत्महत्या’ हे शब्द छापणं यात बसत नसेल तर मग बसतं तरी काय? अन्न व औषध प्रशासनाने हे तपासायला नवा कायदा नको, नवं संशोधन नको; जिल्ह्याच्या बाजारातून चार बाटल्या उचलून त्यांची लेबलं वाचली तरी काम सुरू होईल.